कबऱ्याचं दावं

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मरोद्याच्या पुढचं एक गाव उठवलं, झाडं पाडली, उरला नुसता लाल मुरूम. त्या उजाड माळावर गावच्या जमीनदार मालगुजाराचा जुना गोठा तेवढा कारखान्याच्या साहेबांनी राखला होता, लोकांना बघायला. रविवारी दुपारी तेजराम बायकोला, रंभाला घेऊन तिथं गेला.

आत चाळीस खुंटे, चाळीस दावी, जनावर एकही नाही. एकोणचाळीस दावी जमिनीवर पडलेली. चाळिसावं मात्र हवेत ताणलेलं होतं, बैलाच्या मानेइतकं उंच.

तेजराम डावीकडं सरकला. दावंही डावीकडं वळलं.

रंभानं जवळ जाऊन पाहिलं. अंबाडीच्या पिळात तिच्याच लुगड्याचा हिरवा काठ होता.

"हे त आपल्या कबऱ्याचं. तुमी त म्हणत होते, त्याले भाऊजीच्या घरी बांधून आलो?"

बैल विकला तरी त्याचं दावं कोणी देत नाही, सोडून घरी आणतात. कारखान्याच्या नोकरीवर यायच्या घाईत तेजरामनं कबऱ्या बैल दाव्यासकट खाटकाला दिला होता.

"दावं बी देल्लं?" रंभानं एवढंच विचारलं.

"चाल घरी, रंभा."

रोज सकाळी सोडायची तशीच तिनं खुंट्याची गाठ सोडली.

"जाय बापा, तुया मालक उभा आहे."

मग ती बाहेर गेली आणि तिनं दाराला अडसर घातला.

आत दाव्याचा गळ्यातला फास बैलाच्या मानेइतकाच उंच राहिला. सुटं टोक जमिनीवर फरफटत, सावकाश, चार खुरांच्या चालीनं दावं तेजरामकडं निघालं.