नऊ चौतीस

"चौतीस मिनिटं!" जावकबाईंनी टेबलावर असा हात आपटला की कॉम्प्युटरवाल्याचा चष्मा नाकावर घसरला. "नऊला बटण दाबते, आणि हा ठोंब्या नऊ चौतीसला डोळे उघडतो. वर तुम्ही मला विचारताय, प्लग नीट बसवला होता का?"

"विचारावं लागतं हो ताई," कॉम्प्युटरवाला चष्मा सावरत म्हणाला आणि निमूटपणे टेबलाखाली शिरला.

त्या आवक-जावकचं टेबल सांभाळायच्या, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना जावकबाई म्हणायचं. एकवीस वर्षांत त्यांच्या हातून एक पत्र गहाळ झालेलं नव्हतं. पण गेल्या वर्षी हजेरीची वही गेली आणि हजेरी कॉम्प्युटरवर आली. आपापलं मशीन उघडायचं, चौकटीत आपला नंबर टाकायचा. ऑफिसची वेळ साडेनऊची. त्याच्या आत टाकला तर ठीक, नाहीतर नावापुढे लाल अक्षरात 'उशीर'.

जावकबाई नऊच्या ठोक्याला यायच्या. ऑफिसात दुसरं कुत्रंही नसायचं तेव्हा. बटण दाबायच्या आणि स्क्रीनवरचं ते गोल गोल फिरणारं चाक बघत बसायच्या. नऊ पंचवीसला बाकीची मंडळी हसत-खिदळत यायची. त्यांची मशीनं पटकन उघडायची, नंबर टाकून मंडळी चहाला पसार. जावकबाईंचं चाक फिरतंच आहे! मग नऊ चौतीसला स्क्रीन उघडायची आणि लाल अक्षरं उमटायची. रोज. चीड येईल नाहीतर काय होईल माणसाला?

साहेबांकडे त्या तीनदा गेल्या होत्या. साहेबांनी मान वर न करता ऐकवलं होतं, "आमची मशीनं कशी उघडतात हो? नाचता येईना, अंगण वाकडं!" टायपिस्ट बाई फिस्सकन हसल्या होत्या. आणि गेल्या सोमवारी पत्रच आलं. महिनाअखेरपर्यंत सुधारणा नाही, तर बदली. बदली म्हणजे दिवसभराच्या प्रवासावरची शाखा. घरी आई अंथरुणाला खिळलेली, लेकीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नव्हती. ते पत्र वाचल्यापासून जावकबाईंच्या डोक्याची नुसती भट्टी झाली होती.

कॉम्प्युटरवाल्याने धूळ झटकली. वायरी तपासल्या. डिस्क तपासली, ती ठणठणीत निघाली. मग मशीन चालू होताना आपोआप काय काय सुरू होतं, त्याची यादी त्याने उघडली. यादी संपेचना. त्याचं बोट स्क्रीनवरून खाली खाली सरकत गेलं.

"ताई, हे सगळं तुम्ही टाकलंत?"

"मी? मला जावक क्रमांक टाकता येतो, तेवढंच."

"अहो, सगळ्या ऑफिसचे प्रिंटर तुमच्या मशीनवरून चालतात. सगळ्यांच्या फायली इथेच. हजेरीसुद्धा इथूनच. हे सुरू झालं की आधी सगळ्यांची कामं मार्गी लावतं, वीस-बावीस मिनिटं त्यातच जातात. तुमची स्क्रीन सगळ्यात शेवटी. यासाठी वेगळं मोठं मशीन लागतं. हे इथे कोणी कोंबलं?"

मागच्या टेबलावरचे हेडक्लार्क खाकरले. "साहेबांनीच. मोठं मशीन मंजूर झालं नाही ना, तेव्हा म्हणाले, जो सगळ्यात लवकर येतो त्याच्या मशीनवर टाका. लवकर येणाऱ्या तुम्ही एकट्याच."

जावकबाई सावकाश वळल्या. "म्हणजे मी नऊला येते, म्हणून तुमची हजेरी वेळेत लागते?"

हेडक्लार्कनी फायलीत डोकं घातलं.

"आणि वर्षभर हसताय मला? लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला!" त्यांचा आवाज चिरकला. टायपिस्ट बाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

आवाज ऐकून साहेब केबिनच्या दारात आले. कॉम्प्युटरवाला घाईने म्हणाला, "साहेब, एवढं सगळं इथून हलवलं तर यांचं मशीन अर्ध्या मिनिटात उघडेल. तुमची एक सही लागेल."

"काही हलवायचं नाही," साहेब म्हणाले. "ऑफिस बंद पाडायचंय का? चाललंय ते उत्तम चाललंय. आणि बाई, तुमची रडगाणी आता पुरे. ऑफिसच्या वेळेचा मान राखायला शिका जरा."

जावकबाईंच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. त्यांनी त्या गिळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बरोबर आहे साहेब. उद्यापासून अगदी ऑफिसच्या वेळेवर येते."

"हेच तर वर्षभर घसा फोडून सांगतोय!" साहेब खूश होऊन केबिनमध्ये गेले.

कॉम्प्युटरवाला खोकल्याचं निमित्त करून पुन्हा टेबलाखाली शिरला. हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेबांना शहाणपण शिकवणार कोण?

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून एकोणतीस मिनिटांनी जावकबाई आल्या, बटण दाबलं आणि हातावर हात ठेवून बसल्या. सतरा टेबलांवर सतरा माणसं चाक बघत होती. दहाला दहा मिनिटं कमी असताना ऑफिसची हजेरी उघडली, आणि पहिला 'उशीर' साहेबांच्या नावापुढे लागला.