थरथर

आईने चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांवर भरतकाम केलं. मग हात थरथरायला लागले आणि सुई कायमची डब्यात गेली.

मुलगी सॉफ्टवेअर इंजिनियर. दिवसभर कंपनीचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने कोड लिहून चित्रं काढायची. चार महिने खपून तिने आईसाठी एक प्रोग्रॅम तयार केला. टॅबवर आईचं बोट कितीही थरथरलं, तरी स्क्रीनवर रेघ मात्र सुबकच उमटायची.

आईने पहिल्याच दिवशी एक वेल काढली, तिच्यावर फुलं काढली. मुलीने ते चित्र लगेच सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. खाली लिहिलं, "बघा, आईच्या हातांना काही म्हणता काही झालेलं नाही!"

आठवड्याभराने टॅब कपाटावर धूळ खात पडलेला दिसला.

"काय गं आई, बंद पडला का?"

"नाही गं, छान चालतोय."

"मग कंटाळलीस एवढ्यात?"

आईने दोन्ही हात हळूच शालीखाली सरकवले.



"माझे हात आता असे झालेत, हे निदान तुला तरी बघवेल असं वाटलं होतं."