राहतं घर

आईला जाऊन आठ महिने झाले. सिडकोतलं तिचं घर विकायला काढलंय. अकरा गिऱ्हाइकं पाहून गेली, पुन्हा एकाचाही फोन नाही.

एजंट म्हणाला, "ताई, बाजार थंड आहे. त्यात बंद घर, कोण घेणार? राहतं वाटलं पाहिजे."

"राहणारं कुणी उरलं नाही."

"वाटायला काय लागतंय, ताई?"

म्हणून या रविवारी आईची साडी धुऊन दोरीवर टाकली. तिच्या चपला दाराशी ठेवल्या, उघड्या पेपरवर चष्मा ठेवला, वरणाला फोडणी दिली. हे सगळं करताना मला स्वतःचाच राग येत होता.

पिशोरचं एक जोडपं आलं. बाई प्रत्येक खोलीत रेंगाळली. "आई कुठं गेल्या?" तिनं विचारलं.

मी बोलायच्या आत एजंट म्हणाला, "देवळात. येतीलच."

मी वरणाखालचा गॅस बारीक केला.

संध्याकाळी त्या बाईचा फोन आला.



"ताई, घर लई आवडलं, पण आम्ही नाय घेणार. आई हायेत तोवर तरी नका विकू."