माणसाचा हात न लागता

"आज आपल्या घरातलं एक जण बेकार होणार," बाबा पिशवी झटकत म्हणाले. "कोण, ते संध्याकाळी कळेलच. तोवर भाजी किती आणू, एवढं सांगा."

आई हसली नाही. लेकही हसली नाही. बाबा आपले पिशवी घेऊन निघून गेले.

दोघी एकाच कंपनीत होत्या. आईला बावीस वर्षं झालेली, म्हणून ती थोरल्या बाई. लेकीला आठ, म्हणून ती धाकट्या बाई. क्लाउडचा नवा विभाग उभा करायचा म्हणजे शेकडो नवीकोरी संगणक-यंत्रं एका इमारतीत आणायची आणि मग त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. कोणाआधी कोण सुरू होणार, कोणाच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त पासवर्ड, कोणाकडे, हे सगळं शहाण्णव पायऱ्यांत बसवलेलं होतं. थोरल्या बाई आणि त्यांची पाच माणसं ते हाताने करत. चार दिवस लागत, आणि त्यातला बहुतेक वेळ एकमेकांना फोन करण्यात जाई. लेकीने दोन वर्षं खपून त्याचा प्रोग्रॅम लिहिला होता.

आज त्याची परीक्षा होती. संध्याकाळी सहाच्या आत, माणसाचा हात न लागता विभाग उभा राहिला, तर आईची तुकडी घरी. नाही राहिला, तर लेक घरी, हाताखालच्या चौघांसकट.

"किल्ल्यांची पायरी परत एकदा बघ," आई चहा ओतत म्हणाली. "किल्ल्या देणारा म्हणतो, आधी नाव कळू दे. नावं सांगणारा म्हणतो, आधी किल्ली दे. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात."

"तीनदा तपासलंय, आई. तुला वाटते तितकी कच्ची नाही मी."

"तसं म्हटलं का मी?"

"म्हणायलाच कशाला हवं?"

आईने पर्समधून कंपनीची दारं उघडायचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जुन्या तुकडीची कार्डं आजच्या दिवसापुरती जमा करायची, असा हुकूम निघाला होता. हुकूम दोघींच्या वरच्या मोठ्या मॅडमचा, पण सुचवणारी लेकच होती. आई मुद्दाम काही बिघडवेल असं तिला वाटत नव्हतं. पण पोटावर पाय आला की माणसाचा काय भरवसा, असंही मनात येऊन गेलं होतं, आणि त्याची तिला आता लाज वाटत होती.

"हे घे. मी जाते मावशीकडे. दिवसभर इथे जीव टांगणीला लावून कोण बसणार?"

सकाळी साडेसहालाच आई घराबाहेर पडली.

नवा विभाग शहराबाहेर, तासाभराच्या अंतरावर होता. तिथे आज एक रखवालदार सोडला तर चिटपाखरूही नसणार होतं. गंमत अशी, की दारावरची कार्डं ओळखणारी सेवा सुरू व्हायची ती साठाव्या पायरीला. तोवर कोट्यवधींच्या यंत्रांना राखण म्हणून दाराला साधं कुलूप, आणि किल्ली रखवालदाराच्या कमरेला.

आठ वाजता लेकीने कंपनीतल्या खोलीत बसून कळ दाबली. समोरचा फलक साधा होता. तिकडे एकेक सेवा सुरू झाली की इकडे एकेक हिरवा ठिपका. पहिला लागला, दुसरा लागला. तिसरा काही लागेना.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. नेमकी किल्ल्यांचीच पायरी. मोठ्या मॅडम सारख्या घड्याळ बघत होत्या. लेकीचे हात सारखे कीबोर्डकडे वळत होते. हात लावला तर नापास, नाही लावला तरी नापास. इकडे आड, तिकडे विहीर.

पस्तिसाव्या मिनिटाला ठिपका हिरवा झाला.

"काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

"अडलं तर पुन्हा प्रयत्न करायचा, असं लिहिलंय मी त्यात," लेक म्हणाली. "केला त्याने."

मग गाडी रुळावर आली. ठिपके लागत गेले. कधी भराभर तीन, कधी बराच वेळ एकही नाही. दुपारी एक वाजता तर पंधरा मिनिटं सगळं ठप्प झालं. "तुमचा प्रोग्रॅम जेवायला गेला की काय?" मॅडम म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या खोलीत कोणीतरी हसलं.

एकदा पन्नासाव्याआधी एकावन्नावा ठिपका लागला. लेक चमकली. पण अडलं काहीच नाही, उलट पुढच्या चार पायऱ्या झटक्यात पार पडल्या. आपण लिहिलं त्याहून हा शहाणा निघाला, असं वाटून ती सुखावली.

चारच्या सुमाराला ठिपके सत्तरच्या पुढे गेले, तशी तिला आईची आठवण आली. बावीस वर्षांचं काम एका दिवसात मोडीत काढायचं आणि रात्री त्याच ताटासमोर बसायचं. तिने आईला फोन लावला. बंद होता. रुसली असेल, रुसणारच, असं म्हणत तिने तो खाली ठेवला.

पाच चाळीसला शहाण्णवावा ठिपका लागला. खोलीत टाळ्या पडल्या.

मॅडमनी दोन कागद पुढे केले. पहिल्यावर लिहिलं होतं, की विभाग माणसाचा हात न लागता उभा राहिला. दुसऱ्यावर जुन्या तुकडीतली सहा नावं होती, उद्यापासून कामावरून मुक्त.

"सोमवारी आणखी चार विभाग एकदम सुरू करायचेत," मॅडम म्हणाल्या. "रुग्णालयांचे आहेत. तारीख चुकून चालणार नाही. आणि मदतीला आता जुनं कोणी नसेल. जमेल ना?"

"जमेल," लेक म्हणाली.

तिने सह्या केल्या. आईच्या नावापाशी तिचे डोळे भरून आले, पण सही सरळ आली. मॅडम कागद उचलून वरच्या मजल्यावर गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"धाकट्या बाई का? मी नव्या विभागावरचा रखवालदार बोलतोय. थोरल्या बाईंनी सांगू नको म्हटलं होतं, पण राहवत नाही म्हणून करतोय. तुमचा प्रोग्रॅम सकाळी जो बसला, तो पुन्हा उठलाच नाही म्हणे. तेव्हापासून इथे एकट्याच एकेक पायरी टाइप करत होत्या, आत्ता खुर्चीतच डोळा लागलाय त्यांचा. उठवू, की राहू दे?"