काचभट्टीचे शेअर

"बारावा शब्दही लिहिला," आई म्हणाली आणि तिनं पेनाला टोपण लावलं. "आता?"

"आता हा कागद कुणाला दाखवायचा नाही. मलासुद्धा नाही," धाकटा म्हणाला. "तुझं सगळं वॉलेट या बारा शब्दांत आहे. मोबाइल विहिरीत पडला तरी दुसऱ्या मोबाइलवर हे शब्द घातले की तुझे शेअर हजर. पण शब्द हरवले, तर कुणाचा बाप मदतीला यायचा नाही."

"बँकेचा साहेब नाही? सही-शिक्का नाही?"

"कुणी नाही. तूच साहेब."

आई मोबाइलकडे बघतच राहिली. जन्मभर ती कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली होती. आज ती खिडकीच कुणीतरी उचलून तिच्या हातात दिली होती. तिनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

धाकट्याला हसू आलं. महिन्यापूर्वी त्याची स्वतःची गत याहून वेगळी नव्हती. काचकारखान्यात तो नळीनं काच फुंकायचा. त्याआधी त्याचे वडील फुंकायचे. त्यांना सगळे थोरला म्हणत, म्हणून हा धाकटा. थोरला जाऊन तीन वर्षं झाली, याचेही केस पिकायला लागले, तरी हा आपला धाकटाच.

पैसा उभा करायला कारखान्यानं आपले शेअर क्रिप्टोवर काढले आणि बघता बघता ते जगभर पांगले. ज्यांनी कारखान्याचं दारही पाहिलं नव्हतं, तेही मालक झाले. आता त्यांतल्या काहींनी घोशा लावला होता, भट्टी विझवा आणि जागा विका. त्यावर मतदान ठरलं. मत त्यालाच, ज्यानं आपले शेअर स्टेक केले, म्हणजे मतदान होईपर्यंत कुलूपबंद करून ठेवले. भट्टी वाचवायची म्हणून कामगार पोटाला चिमटा काढून शेअर घेत सुटले होते.

आणि परवा आई आपणहून म्हणाली, "मलाही घ्यायचेत."

थोरल्याच्या माघारी कारखान्यानं जी रक्कम दिली, तिला आईनं आजवर हात लावला नव्हता. छप्पर गळायला लागलं तेव्हा तिनं खाली बादली ठेवली, पण त्यातला पैसा काढला नाही. "सगळीच लाव," ती धाकट्याला म्हणाली. आपली आई एवढ्या मोठ्या छातीची आहे हे आपल्याला इतक्या वर्षांत कळलंच नाही, या विचारानं तो रात्रभर अचंब्यात होता.

शेअर घेऊन झाले. 'स्टेक' या शब्दावर बोट नेऊन आई थांबली.

"कुलूप लागल्यावर ते कुणाला काढता येतं?"

"मतदान होईपर्यंत कुणालाच नाही. तुलाही नाही."

"आणि मत दिल्यावर? कुणी येऊन हातापाया पडलं, तर फिरवता येतं?"

"नाही गं. एकदा दिलं की काळ्या दगडावरची रेघ."

"नक्की?"

"किती घाबरतेस आई! मी असेन ना शेजारी." एवढं बोलून धाकट्याला ठसका लागला. आई पाणी घेऊन आली, ठसका थांबेपर्यंत उभी राहिली आणि मग बसून तिनं बटण दाबलं.

मतदानाच्या दुपारी सगळे कँटीनमध्ये जमले. मोठ्या खिडकीतून समोर भट्टी दिसत होती. धाकट्याच्या जन्माआधी पेटलेली ती भट्टी आजवर एकदाही विझली नव्हती. आई आयुष्यात पहिल्यांदाच आत आली होती. नळीच्या टोकावर मधासारखी काच गोळा होत होती, फुंकरीसरशी फुगत होती, आणि आई हरखून बघत होती.

"केवढी सुंदर आहे रे," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं नव्हतं."

युनियनचे सेक्रेटरी जवळ आले. "वहिनी, थोरल्यासारखी फुंक पुन्हा होणे नाही. एका दमात घागरीएवढा फुगा काढायचा!"

"हो भाऊजी. शेवटी शेवटी त्यांच्यानं मेणबत्तीही विझत नव्हती."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. "आज त्याचं नाव राखायचंय," ते म्हणाले.

भिंतीवरच्या पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. हिरवी, भट्टी चालू ठेवण्याची. लाल, बंद करण्याची. तासभर त्या एकमेकींना मागे टाकत राहिल्या. दूरदेशीचे लोक मतं देत होते आणि इथल्यांच्या काळजाचं पाणी होत होतं. अखेर कामगारांची मतं संपली. हिरवी पट्टी केसभर मागे होती. वेळ संपत आली होती आणि मत उरलं होतं फक्त आईचं.

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. धाकटा तिला खेटून उभा राहिला. आपली आई, जिला कालपर्यंत मोबाइलवर साधा निरोप धाडता येत नव्हता, तिच्या एका बोटावर एवढा कारखाना तोलला जातोय, हे त्याला स्वप्नासारखं वाटत होतं.

आईनं चष्मा लावला.

"वरचं बटण," तो कुजबुजला. "हिरवं."

"दिसलं."

तिनं एकवार भट्टीकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं आणि बोट टेकवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पडद्याकडे पाहून एकेकाचे हात जागच्या जागी थांबले. लाल पट्टी पुढे सरकून तिथेच थांबली होती.

"आई! अगं, बोट खाली गेलं तुझं! लाल दाबलंस!"

"मला वाचता येतं," आई म्हणाली. "एक दिला त्या भट्टीला. दुसरा देणार नाही."