मागचं खाकरणं

टायपिस्टचं काम एकच, डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट टाइप करायचे. डॉक्टर "इडिओपॅथिक, म्हणजे कारण माहीत नाही" असं बोलले, की मागे कुणीतरी खाकरायचं. फक्त तेवढ्याच शब्दाला.

"डॉक्टर, बोलताना खोलीत कोण असतं हो?"

"मी एकटाच. का रे, भूत दिसलं काय?"

आज टायपिस्टच्या ताईच्या रिपोर्टची रेकॉर्डिंग आली. आठवडाभर तिचे पाय उचलत नव्हते. त्याने हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"इडिओपॅथिक," डॉक्टर म्हणाले.

मागे शांतता. त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ताईचा फोन.

"अरे, बाहेरून कुलूप लावून गेलास ना? मग हे कोण आलेत? बोलत काहीच नाहीत, खुर्चीत बसून नुसते खाकरतायत."