खालची अक्कलदाढ

भावाने घास तोंडाशी नेला आणि तसाच परत ताटात ठेवला.

"तोंडच उघडत नाहीये," तो दातांतल्या दातांत पुटपुटला. डावा गाल टम्म सुजला होता.

"बघू," बहीण म्हणाली.

"राहू दे ताई. अक्कलदाढ येतेय वाटतं. चार दिवसांत बसेल."

आई लगेच गुळण्यांसाठी मिठाचं पाणी गरम करायला उठली. बहीण मात्र जागची हलली नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

भाऊ एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढांनी असाच उच्छाद मांडला होता. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, आई त्यांच्या उशाशी. दवाखान्यात त्याला हिनेच नेलं. दोन्ही दाढा काढल्या. परतताना तो दोन्ही गालांत कापूस धरून तिच्या खांद्यावर मान टाकून बसला होता. वडील गेले आणि वर्षाच्या आत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ती रागाच्या भरात "चालता हो" म्हणाली, आणि तो खरंच गेला.

त्यानंतर अकरा वर्षं तिने घर बदललं नाही. चष्म्याच्या दुकानातली बढती दुसऱ्या गावी होती, ती नाकारली. लग्नाचा विषय निघाला की "तो आल्यावर बघू" म्हणायची आणि उठून जायची.

दोन महिन्यांपूर्वी तो दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. "ताई," म्हणाला. ती ढसाढसा रडली. पण आठवडाभरात रडू ओसरलं आणि तिचे डोळे कामाला लागले.

लहानपणीच्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. अगदी पाठ केल्यासारख्या. कुठले शिक्षक कान पिळायचे, वडील शिंकले की शेजारचं कुत्रं कसं धूम ठोकायचं, सगळं ओळीने. पण तिने एखादी आठवण मधूनच काढली, की तो नुसता हसायचा आणि आईकडे बघायचा. बरं, घरात काही मागत नव्हता. उलट गळका नळ दुरुस्त करी, सांगायच्या आधी भांडी घाशी. तेच तिला खटकत होतं. इतका गोड वागणारा माणूस कशावर डोळा ठेवून असेल? आणि आई तर त्याच्यावरून जीव ओवाळून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून ती त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"अजून थोडं उघडा," बाई बॅटरी धरून म्हणाल्या. "हं. दाढ अर्धीच वर आलीय. तिच्यावर हिरडीची झापड राहिलीय, तिच्याखाली अन्न अडकून पू झालाय. आज धुऊन देते. गोळ्या घ्या. सूज उतरली की दाढ काढू. वय?"

"एकतीस," तो म्हणाला.

"मला पंचविशीतले वाटलात."

बहिणीने सहज विचारावं तसं विचारलं, "एकदा काढलेली अक्कलदाढ पुन्हा येते का हो?"

बाई हसल्या. "ते दुधाच्या दातांचं. ही गेली की गेली. यांच्या तर चारही जागेवर आहेत."

खुर्चीतल्या माणसाने डोळे मिटून घेतले.

घरी पोहोचताच तो पांघरूण घेऊन पडला. ती स्वयंपाकघरात गेली. आई त्याच्यासाठी भाजी घोटून पातळ करत होती.

"आई, हा आपला नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्याच्या खालच्या दाढा माझ्यासमोर काढल्या होत्या. याच्या चारही आहेत. तू घाबरू नकोस. याने फसवलंय तुला. मी पोलिसांना कळवते."

आईचा हात थांबला नाही. "हळू बोल. ताप आहे त्याला."

"आई, मी काय सांगतेय?"

आईने गॅस बंद केला. हात पुसले. दार लोटून घेतलं.

"आपला तो गेल्याचं मला तीन वर्षांपूर्वीच कळलं. आजारात गेला. तू दुकानात होतीस. तुला सांगायला जीभच रेटली नाही गं. दारावर टकटक झाली की तू ताटावरून उठायचीस. न सांगावं तर माझ्यामागे तू एकटीच उठत बसली असतीस."

बहिणीने लोटलेल्या दाराकडे बोट दाखवलं. "मग हा?"

"निरोप घेऊन आला होता तो हाच. दोघं एका खोलीत राहायचे. याला मागंपुढं कोणी नाही. नाही नाही म्हणत होता, मीच हातापाया पडले. दोन वर्षं खपून त्याला सगळं पढवलं, शिक्षकांची नावंसुद्धा," आई म्हणाली. "दाढांचं तेवढं सांगायचं राहून गेलं."